उपाशी या, उपास करून येऊ नका

"काकाजी, रात्रीपासून काय घेतलं?"

"काहीच नाही. पाण्यावर आहो."

"चहा?"

"चहा घेतला नं. चहानं काय होते?"

होतं. दोन चमचे साखरेचे ८–१० ग्रॅम, वरून दुधातली साखर. स्कॅनच्या आदल्या दिवशीच्या एका अख्ख्या जेवणात आम्ही ३ ग्रॅमच्या आत कर्बोदकं बसवायला सांगतो. हा एक कप त्याच्या चौपट आहे. हृदयाच्या सारकॉइडोसिससाठी पेट स्कॅनला (साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचून ते शरीरात कुठं ओढलं जातं हे दाखवणाऱ्या तपासणीला) आलेल्या माणसाचा दिवस बहुतेक वेळा इथंच वाया जातो. टोचायचं औषध त्याच्या नावानं, त्याच्या वेळेसाठी मागवलेलं असतं. त्यातल्या फ्लोरिन-१८ चा अर्धा भाग दर ११० मिनिटांनी संपतो, त्यामुळे 'राहू द्या, उद्या वापरू' असं काही नसतं. गोंदियाहून, चंद्रपूरहून, बालाघाटहून आलेली माणसं दुपारच्या गाडीनं तशीच परत जातात. म्हणून तपासणीच्या टेबलापेक्षा आदल्या दिवशीच्या ताटाबद्दल जास्त लिहितो आहोत.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. सारकॉइडोसिसमध्ये शरीराच्या संरक्षक पेशी एकत्र येऊन बारीक गाठी बांधतात. त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. बहुतेकांच्या फुप्फुसात आणि छातीतल्या लिम्फग्रंथींत त्या असतात. या आजाराच्या १०० रुग्णांपैकी साधारण ५ जणांना हृदयाचा त्रास जाणवतो. स्कॅनमध्ये किंवा शवविच्छेदनात शोधलं तर हा आकडा २५ च्या आसपास जातो. गाठी कुठं बसल्या यावर पुढचं सगळं अवलंबून. दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या वरच्या भागात बसल्या तर तिथून जाणारी विजेची वाट अडते, नाडी ४० वर येते, भोवळ येऊन माणूस पडतो. डाव्या कप्प्याच्या भिंतीत बसल्या तर सूज ओसरल्यावर व्रण राहतो, त्याच्याभोवती वीज गोल फिरू लागते आणि नाडी एकदम १८० वर जाते. जीव जातो तो बहुधा या धावणाऱ्या नाडीनं. भिंतीचे बरेच तुकडे निकामी झाले की दम लागणं आणि पायावर सूज.

इथं एक शब्दाचा घोटाळा नेहमी होतो. 'हार्ट ब्लॉक' म्हटलं की घरचे 'ब्लॉकेज' समजतात आणि विचारतात, स्टेंट कधी टाकणार? ब्लॉकेज रक्ताच्या नळीत असतं, हार्ट ब्लॉक विजेच्या वाटेत. साठीच्या आतल्या माणसाला दुसरं कुठलंच कारण नसताना मोठा हार्ट ब्लॉक झाला, तर सारकॉइड शोधा, असं २०१४ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मतपत्रात स्पष्ट आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा घाईत पेसमेकर बसतो आणि कारण शोधायचं राहून जातं. नाडी धोक्याची असेल तर पेसमेकर आधी, त्यात वाद नाही. पण रुग्ण स्थिर असेल आणि एक दिवस हाती असेल तर हृदयाचा एमआरआय आधी उरकून घ्यावा; यंत्र बसल्यावर त्या धातूची सावली चित्रावर पडते. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम टोचून व्रण दिसतो. सूज आत्ता पेटलेली आहे की विझलेली, हे मात्र पेट जास्त स्पष्ट सांगतो. स्टेरॉइड चालू करायचं की नाही हे त्यावरून ठरतं.

पेटच्या आधी अँजिओग्राफी किंवा सीटी करून रक्तनळ्या मोकळ्या असल्याची खात्री हवी. कमी रक्तावर तग धरून असलेला स्नायूही साखर ओढतो आणि चित्रात सारकॉइडसारखाच चमकतो. ईसीजी, इको आणि २४ तासांचा होल्टरही (अंगावर बांधून ठेवलेला ईसीजी) फाइलमध्ये असू द्या. मे महिन्यात होल्टर लावायचा असेल तर एक सूचना: नागपूरच्या ४५ अंशांत घामानं चिकटपट्ट्या सुटतात. छातीवरचे केस काढून, त्वचा कोरडी करून त्या लावायच्या, तो दिवस कूलरजवळ काढायचा, अंघोळ नाही. नाहीतर रिपोर्टमध्ये अर्धी रात्र कोरी येते.

आता ताट. निरोगी हृदय चुलीसारखं असतं, मिळेल ते सरपण जाळतं. पोटात साखर-पिष्ट गेलं की इन्सुलिन वाढतं आणि हृदय साखरेवर चालतं. ते बंद करून तूप दिलं की चरबीवर चालतं. गाठींमधल्या सुजेच्या पेशींना हा पर्याय चालत नाही. इन्सुलिन असो वा नसो, त्या साखर ओढतच राहतात. स्कॅनसाठी टोचायचं औषध, एफडीजी, हे साखरेचंच भावंड. त्यामुळे आदल्या दिवशी साखर पूर्ण तोडली, तर निरोगी स्नायू अंधारात राहतो आणि फक्त गाठी उजळतात. एक बिस्किट खाल्लं तर सगळं हृदय पिवळंधमक दिसतं, आणि त्यात गाठ कुठली, निरोगी भिंत कुठली, हे कुणालाच ओळखता येत नाही.

अमेरिकेतल्या न्यूक्लिअर मेडिसिन आणि न्यूक्लिअर कार्डिओलॉजीच्या संघटनांनी २०१७ मध्ये मिळून जे ठरवलं ते असं: आदल्या दिवशी किमान दोन जेवणं, प्रत्येकात ३५ ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्ध आणि ३ ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं, त्यानंतर किमान ४ तास उपाशी. ते जमत नसेल तर सलग १८ तासांहून जास्त उपाशी. आमच्या मते ४ तास पुरत नाहीत. दुपारी एकला पहिलं जेवण, संध्याकाळी सातला दुसरं, त्यानंतर सकाळच्या सुईपर्यंत फक्त साधं पाणी, असं सांगितलं की चित्र जास्त वेळा स्वच्छ येतं.

३५ ग्रॅम म्हणजे किती, हे चमच्यानं समजून घ्या. एका अंड्यात साधारण ५ ग्रॅम स्निग्ध, चहाच्या सपाट चमचाभर तुपात ५ ग्रॅम. तीन अंडी आणि चार चमचे तूप म्हणजे काठोकाठ ३५. म्हणून पाचवा चमचा घालायचा. मीठ, हळद, हिरवी मिरची, चिमूटभर सांबार (कोथिंबीर) चालतो. कांदा नाही. एका मध्यम कांद्यातच ८–१० ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि कांद्याशिवाय ऑम्लेट होत नाही असं मानणाऱ्या घरांत आमची निम्मी तयारी बुडते. टोमॅटोही नको.

मटण-चिकन उत्तम, पण रस्सा नाही. सावजीकडून पार्सल आणलं तर चालेल का, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. नाही चालत. रस्सा दाट करायला त्यात काय-काय वाटून घातलंय ते बाहेरून दिसत नाही, आणि कांदा-खोबरं तर असतंच. घरी हळद-मिठात शिजवून, भरपूर तेलात काळी मिरी आणि लसणाच्या एखाद-दुसऱ्या पाकळीवर परतलेलं मटण चालतं. तिखट हवं तितकं घाला, तिखटानं स्कॅन बिघडत नाही. मासा तळताना रवा किंवा तांदळाचं पीठ लावायचं नाही.

शाकाहारी माणसाची खरी पंचाईत. वरणात पिष्ट, भाजीत पिष्ट, दह्यात आणि ताकात दुधाची साखर. शेंगदाणे, काजू, बदामही बंद. उरतं ते पनीर. ७५ ग्रॅम पनीर, पाच चमचे तुपात परतलेलं, मीठ-मिरपूड घालून. पाकिटाच्या मागची कर्बोदकांची ओळ वाचून घ्या. १०० ग्रॅमला ३ ग्रॅमच्या वर आकडा असेल तर दुसरी कंपनी पाहा. पोळीशिवाय तूप घशाखाली उतरत नाही, ही तक्रार खरी आहे. गरम पाण्यात तूप, मीठ आणि मिरपूड घालून कढणासारखं घेतलं तर त्यातल्या त्यात सोपं जातं. तरी मळमळत असेल तर जबरदस्ती नको, डॉक्टरांशी बोलून १८ तासांच्या उपाशीपणाचा मार्ग घ्यावा. पित्ताशयात खडे असतील किंवा ट्रायग्लिसराइड फार वाढलेली असतील तर हे तुपाचं जेवण स्वतःच्या मनानं करू नका, आधी सांगा. 'हृदयाच्या पेशंटला इतकं तूप?' म्हणून घरातली सून तूप अर्धं करते, हेही पाहिलं आहे. तूप एका दिवसाचं आहे. ते अर्धं केलं तर हृदय साखरेकडेच वळतं.

आता शीर्षकातली गोष्ट. कागदावर 'उपवास' लिहिलं की आपल्याकडे साबुदाणा भिजतो. खिचडी, भगर, रताळं, केळं, राजगिऱ्याचा लाडू: उपासाचं जवळजवळ सगळं ताट पिष्टाचं आणि गुळा-साखरेचं. माणूस मनापासून म्हणतो, उपास केला होता, आणि त्याचं खरंच असतं. त्यामुळे आम्ही 'उपास' हा शब्दच वापरत नाही, 'उपाशी' म्हणतो. स्कॅनची तारीखही एकादशी, चतुर्थी, सोमवार टाळून घेतलेली बरी. देवाचं आणि मशीनचं पथ्य एका दिवशी जमत नाही.

चोरसाखरेच्या जागा वेगळ्याच असतात. खोकल्याचं सिरप, चघळायच्या आम्लपित्ताच्या गोळ्या, चवीचं इसबगोल, जेवणानंतरची गोड बडीशेप, ओआरएस, नारळपाणी, प्रसादाची चिमूटभर साखर. सुपारी-तंबाखूचा खर्रा नको. त्यात काय मिसळलंय ते सांगता येत नाही, आणि चघळणाऱ्या जबड्याचे स्नायूही एफडीजी ओढतात. भरती असलेल्या रुग्णात सगळ्यात मोठी चूक वॉर्डात होते: रुग्ण उपाशी आहे म्हणून रात्रपाळीत कुणीतरी मायेनं सलाइन लावतं, आणि ती बाटली डेक्स्ट्रोजची असते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीलीटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. अँटिबायोटिकसुद्धा कधी-कधी डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून देतात. 'ग्लुकोज नको, फक्त नॉर्मल सलाइन' असा कागद पलंगाला बांधा. हसू येईल, पण उपयोग होतो.

आणखी एक कागद हवा: आदल्या सकाळपासून तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, वेळेसकट. सुई टोचण्याआधी आम्ही तो ओळीनं वाचतो. लपवण्यात काही फायदा नाही, चित्रात कळतंच. फक्त तोपर्यंत पैसे आणि किरणोत्सार दोन्ही अंगावर पडलेले असतात.

मधुमेह असेल तर गुंता वाढतो. इन्सुलिन टोचलं की ते साखर हृदयात ढकलतं, म्हणून स्कॅनच्या आधीच्या तासांत झटपट काम करणारं इन्सुलिन नको. उलट, पिष्ट बंद आणि गोळ्या मात्र नेहमीच्या, असं झालं तर साखर खाली जाते, घाम सुटतो, साखर द्यावीच लागते आणि स्कॅन रद्द होतो. जीव आधी, स्कॅन नंतर. साखर द्यायला कचरू नका. अलीकडे हार्ट फेल्युअरसाठीही डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या सर्रास दिल्या जातात. त्या चालू असताना पिष्ट पूर्ण तोडलं तर रक्तातली साखर फारशी न वाढताही रक्त आम्लीय होण्याचा धोका असतो. त्या किती दिवस आधी थांबवायच्या हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, पण विचारा नक्की. घरच्यांच्या लेखी ती 'हृदयाची गोळी' असते, त्यामुळे साखरेच्या गोळ्या विचारल्यावर तिचं नाव कुणी घेत नाही.

बाहेरगावचे असाल तर आदल्या संध्याकाळीच नागपुरात या आणि धंतोली-रामदासपेठेकडे कुठंतरी मुक्काम करा. पहाटेची गाडी, फलाटावरचा चहा आणि दादरे चढण्याची धावपळ, तिन्ही टळतात. आधीचे २४ तास अंगमेहनत नको. थकलेला स्नायूही साखर मागतो.

स्कॅनचा दिवस त्यामानानं सोपा. बोटाला टोचून साखर पाहतात. २०० च्या वर असेल तर सहसा पुढं ढकलतात. सुई लागल्यावर ६० ते ९० मिनिटं अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं, मोबाइलही नको. उन्हाळ्यात इथं एक गंमत होते: बाहेर ४५ अंश, माणूस पातळ शर्टात येतो आणि एसीत कुडकुडतो. थंडी वाजली की मानेतली तपकिरी चरबी ऊब तयार करायला लागते आणि तीही एफडीजी ओढते. भर मे महिन्यात शाल आणा म्हटलं की लोक आमच्याकडे पाहतात. हृदयापुरतं पाहून थांबत नाहीत. डोक्यापासून मांड्यांपर्यंत चित्र घेतात, कारण तुकडा काढायला सोपी अशी एखादी गाठ दुसरीकडं सापडली तर हवीच असते. सोबत रक्तपुरवठ्याचा वेगळा स्कॅन लागतो. त्यासाठीचं किरणोत्सारी अमोनिया दर १० मिनिटांनी निम्मं होतं, ते जागच्या जागी बनवावं लागतं. ती सोय नसेल तिथं टेक्नेशियम टोचून गॅमा कॅमेऱ्यावर करतात. त्या दिवशी भरपूर पाणी प्या आणि संध्याकाळपर्यंत लहान मुलं व गरोदर बायकांपासून दूर राहा. हृदय चरबीकडे वळावं म्हणून काही ठिकाणी सुईआधी हेपॅरिन देतात. त्यानं ताटातली चूक भरून निघत नाही.

रिपोर्टमध्ये दोन चित्रं शेजारी ठेवून वाचतात. रक्त कमी आणि साखर जास्त, तर तिथं सूज पेटलेली. रक्त कमी आणि साखरही नाही, तर जुना व्रण; त्याला स्टेरॉइडचा उपयोग नाही. सगळं हृदय सारखंच उजळलं असेल तर रिपोर्टला 'पॉझिटिव्ह' समजू नका, ती तयारी फसल्याची खूण आहे. फक्त बाजूची भिंत एकटी उजळली, बाकी एमआरआय आणि रक्तपुरवठा ठीक, तर तेही पुष्कळदा निरोगी माणसात दिसतं.

आणि विदर्भात काय, भारतात कुठंही, यापुढची पायरी टाळता येत नाही: टीबी. टीबीच्या गाठी पेटमध्ये हुबेहूब अशाच चमकतात, आणि हृदयाच्या टीबीतही नाडी तशीच धावते. टीबीवर नुसतं स्टेरॉइड दिलं तर आग भडकते. म्हणून छातीतल्या ग्रंथीचा तुकडा श्वासनळीतून दुर्बीण घालून, सुईनं घेतात आणि तो पॅथॉलॉजीबरोबर सीबी-नॅटलाही (टीबीचे जंतू शोधणाऱ्या चाचणीला) पाठवतात. दोन बाटल्या लागतात: पॅथॉलॉजीची फॉर्मालिनमध्ये, टीबी कल्चरची सलाइनमध्ये. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला की कल्चर गेलं, आणि ही चूक दुरुस्त होत नाही. थेट हृदयाचा तुकडा घेतला तर ४–५ जणांत एखाद्यालाच गाठ सापडते, कारण आजार ठिगळाठिगळांत असतो. तो रिकामा आला म्हणून आजार नाही असं होत नाही.

उपचारात प्रेडनिसोलोन बहुधा वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ३०, सकाळी नाश्त्यानंतर. मग कित्येक महिने हळूहळू उतरवत न्यायचं. बरं वाटलं म्हणून एकदम तोडायचं नाही. जोडीला मेथोट्रेक्झेट असेल तर ते आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत, म्हणून वार ठरवा आणि पाकिटावर मार्करनं लिहा. ते चालू असताना लघवीच्या जळजळीसाठी कुणी को-ट्रायमोक्झाझोल दिलं तर आधी सांगा. दोन्ही मिळून रक्तपेशी पाडतात. हाडांसाठी म्हणून ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडीही आपल्या मनानं नको. या गाठी स्वतःच ते जीवनसत्त्व कार्यक्षम करतात, रक्तातलं कॅल्शियम चढतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडावर येतं. आधी कॅल्शियम तपासा.

हार्ट ब्लॉकसाठी यंत्र बसवायचंच असेल आणि सारकॉइड पक्का असेल, तर साधा पेसमेकर की धावती नाडी झटका देऊन थांबवणारा आयसीडी, हा प्रश्न ऑपरेशनआधी विचारायचा. पंपिंग चांगलं असलं तरी अशा रुग्णात आयसीडीचा विचार करतात. खर्चात मोठा फरक पडतो, पण वर्षभरानं खांदा पुन्हा उघडून यंत्र बदलणं त्याहून महाग.

तीन ते सहा महिन्यांनी पेट पुन्हा होतो. शक्यतो त्याच केंद्रावर, त्याच मशीनवर, नाहीतर आकडे जुळवता येत नाहीत. या वेळी माणसाला सगळं पाठ असतं, आणि तयारी फसायची शक्यता तरीही जास्त असते: स्टेरॉइडनं साखर वाढलेली, भूक दुप्पट, रात्री दोनला डब्यातली चकली खुणावते. पहिल्या वेळचा जेवणाचा कागद जपून ठेवला असेल तर तोच पुन्हा वापरा, आणि त्या रात्री फराळाचे डबे शेजाऱ्यांकडे देऊन टाका.